दादाचे दोन व्हॉल्व्ह

माझ्या थोरल्या भावाने आयुष्यभर एकच काम केलं. लोकांच्या घरात पाणी आणलं आणि नको तिथून ते बाहेर काढलं. प्लंबर. त्याच्या हातच्या कामाला गळती लागली असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. तोंडाची गोष्ट वेगळी. ते कायम गळतं.

लोक त्याला 'डबल व्हॉल्व्ह' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला ते माहीत आहे आणि मनातून आवडतंही. तरुणपणी तो एका मिस्त्रीच्या हाताखाली होता, तेव्हा एका छापखान्यातला व्हॉल्व्ह निकामी झाला आणि सगळ्या कागदाचा लगदा झाला. चूक मिस्त्रीची, पण लगदा उपसला दादाने. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून हा गडी प्रत्येक घराला दोन व्हॉल्व्ह लावतो, एक बाहेर भिंतीपाशी आणि एक आत. बाहेरच्याची चक्री लाल रंगवतो. गिऱ्हाईक कुरकुरलं तर सरळ हत्यारं पिशवीत भरायला लागतो. "एकाने दगा दिला तर दुसरा आहे," हे त्याचं ब्रह्मवाक्य. आणि हाताखालच्या माणसांना एकच दम: पाणी सोडताना आधी लाल उघडायचा, मग आतला. लाल विसरून आतलाच पिळत बसलेला कोणी सापडला, की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार ठरलेला.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

माझी वहिनी गाडी चालवायला शिकवायची. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बाई म्हणून तीच एकटी, आणि आवाज असा की समोरचा ट्रकसुद्धा बिचकावा. आमच्या भागात जो नीट गाडी चालवतो तो वहिनीचा विद्यार्थी, आणि जो चालवत नाही तो माझा भाऊ. गाडीत काचेपाशी तिने एक छोटा कॅमेरा लावून घेतला होता, आत आणि समोर दोन्हीकडे बघणारा. शिकणाऱ्याला त्याच्याच चुका टीव्हीवर दाखवायची. "बघा, इथे तुम्ही आरशात बघितलं का? नाही. केस नीट करत होता." अशी तिची शिकवणी.

या क्लिपा वाढत वाढत एवढ्या झाल्या की फोनमध्ये मावेनात. मग दादाने घरात एक सर्व्हर आणून बसवला. टीव्हीखाली, वहीएवढा काळा डबा. सगळ्या क्लिपा त्यात, आणि घरातल्या कुठल्याही पडद्यावर हवी ती लावा. दादा त्याला 'टाकी' म्हणतो. टाकीत सगळं भरलेलं, पाइप सगळीकडे गेलेले, जिथे नळ सोडाल तिथे वहिनी ओरडते. असं त्याने मला समजावलं आणि खरं सांगते, मला त्यातून जेवढं कळलं तेवढं कुठल्या इंजिनिअरने सांगूनही कळलं नसतं.

मग वहिनीला झटका आला. मेंदूत रक्ताची गाठ अडकली, उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. जीव वाचला, पण तो आवाज, ती ट्रक बिचकवणारी बाई, तोंड उघडून नुसतं "तं, तं" करायला लागली. समजायचं सगळं. डोळ्यांत दिसायचं. शब्द मात्र बाहेर येईना. मी तिच्या अंथरुणापाशी हसत बसायचे आणि जिन्यात येऊन रडायचे.

दादा तिला घेऊन दूरच्या शहरातल्या पुनर्वसनाच्या इस्पितळात गेला. इथून दिवसभराचा प्रवास. मी त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे घराची चावी माझ्याकडे आली, आणि चावीबरोबर तंबी: "छोटे, टाकीच्या वायरींना हात लावायचा नाही." मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर आयुष्य काढलं, वायरींच्या जंगलात म्हातारी झाले, आणि हा मला वायरी शिकवतो!

तिथे एक तरुण मुलगी वहिनीला बोलणं शिकवत होती. थेरपिस्ट. फार गोड आणि फार चिकट, म्हणजे काम न सोडणारी. तिने दादाला सांगितलं, "काका, अशा माणसांचे ठरून गेलेले शब्द कधीकधी आधी परत येतात. मोजणं, शिव्या, रोज हजारदा म्हटलेलं काहीतरी. काकूंचा जुना आवाज त्यांना ऐकवता येईल का? चांगला, स्पष्ट?" आणि मग तिने खरी गोष्टही सांगितली. उद्या मोठे डॉक्टर तपासणीला येणार. तोवर वहिनीने एक अर्थाचा शब्द काढला नाही तर बोलण्याची शिकवणी बंद करून ती जागा दुसऱ्या रुग्णाला देणार. वहिनीला व्यायामाचा कागद हातात देऊन घरी पाठवणार. "मी भांडेन," मुलगी म्हणाली, "पण दाखवायला माझ्या हातात काहीतरी हवं."

दादाने छाती काढून सांगितलं असणार, "आवाज? सगळी टाकी भरली आहे. मी निघण्यापूर्वी बाहेरून बघायची सोयसुद्धा करून ठेवली आहे."

दुपारी त्याचा फोन आला. "छोटे, टाकी लागत नाही. सर्व्हर सापडत नाही म्हणतोय."

मी खाली गेले. टीव्ही लावला. वहिनी ठणठणीत आवाजात कुणाला तरी झापत होती. "इथे तर छान चालू आहे की!"

"मग डबा बंद करून परत चालू कर."

केला. दादाकडे ढिम्म फरक नाही. मी म्हटलं, मी फोनने टीव्हीचंच शूटिंग करून पाठवते. पाठवलं. त्या मुलीचा निरोप आला की पंखा फार स्पष्ट ऐकू येतोय, काकू कमी. पंखा बंद करून पुन्हा केलं तर खालच्या रस्त्यावर कुणी भिंत फोडत होतं. मूळ फाइलच पाठवावी म्हटलं, तर ती एवढी जाड की फोनवरून जाईना, आणि पेन ड्राइव्ह पाठवला तर तपासणी होऊन गेल्यावर पोचणार.

"इस्पितळाचंच इंटरनेट अडवत असेल," दादा म्हणाला. त्याला जगात कुठेही गळलं की आधी दुसऱ्याचा पाइप दिसतो.

"मग तुझ्या फोनचं वाय-फाय बंद कर आणि सिमच्या नेटवर बघ."

तो जिन्यात गेला, बघितलं, परत आला. तेच. म्हणजे इस्पितळ सुटलं.

"दादा, तू निघण्यापूर्वी बाहेरून चालतंय का ते तपासलं होतंस?"

"एकदा नाही, धा वेळा!"

"कुठे बसून?"

"सोफ्यावर."

"सोफ्यावर बसून बाहेरचं तपासलंस? घरचंच वाय-फाय, घरचाच डबा? धन्य आहे तुझी! घराच्या आतून दार उघडून बघितलं आणि म्हणे पाहुण्यांना येता येतं."

मला लगेच वाईट वाटलं. पलीकडे चाकाच्या खुर्चीचा आवाज येत होता, मधूनच वहिनीचं "तं, तं". मी आवाज खाली आणला. म्हटलं, बरं, आता मी करते. माझ्या फोनचं वाय-फाय बंद केलं आणि तिथेच टीव्हीसमोर बसून सिमच्या नेटवर टाकी शोधली. सापडत नाही! डबा माझ्या हातभर अंतरावर, हिरवा दिवा लावून माझ्याकडे बघतोय, आणि फोन म्हणतो असं काही नाहीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण एक बरं झालं. दुखणं कुठे आहे ते कळलं. ते आमच्याच दारात होतं.

"मी दार उघडलंय गं," दादा काकुळतीला आला. "राउटरमध्ये जाऊन उघडलंय. बाहेरून कोणी टाकीचं विचारत आलं तर टाकीकडे पाठव, असं सांगून ठेवलंय."

त्याने मला राउटरचं पान उघडायला लावलं, एकेक ओळ वाचायला लावली. सगळं बरोबर. आकडेही बरोबर. इंटरनेट कंपनीला फोन केला तर त्यांनी बासरी ऐकवली, मग म्हणाले आपलं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे, मग पुन्हा बासरी. मी फोन आपटला.

संध्याकाळ व्हायला आली होती. दादाचा आवाज बारीक झाला होता. "राहू दे छोटे. नशिबात नाही. मीच उद्या त्यांना हात जोडून सांगतो." हा माणूस, जो गिऱ्हाइकासमोर हत्यारं भरतो, तो हात जोडणार! माझं डोकं फिरलं.

"हात नंतर जोड. आधी मला सांग, ही वायर कुठे जाते?"

एक्स्चेंजमध्ये आमची सुपरवायझर म्हणायची की बोर्डावर काही कळेनासं झालं तर डोळे मिटा आणि वायरीला हात लावा, वायर खोटं बोलत नाही. मी राउटरमागची वायर धरली. दादाची तंबी गेली खड्ड्यात. वायर भिंतीला धरून गेली, दाराच्या चौकटीवरून चढली आणि पाण्याच्या पाइपासाठी पाडलेल्या भोकातून माळ्यावर शिरली. मी शिडी लावली. या वयात शिडी! माळ्यावर जुने नळ, तोट्या, टेफलॉनची रिळं, आणि त्या सगळ्यामागे एक पांढरा डबा लुकलुकत बसलेला.

"दादा, माळ्यावर हा दुसरा राउटर कसला?"

"तो? तो काही नाही. कंपनीचा आहे. बाहेरची वायर त्यात येते, त्यातून आपल्यात."

"आणि मग आपला कशाला?"

"कंपनीच्या डब्यावर काय भरवसा? एकाने दगा दिला तर..."

आणि तो थांबला.

मीही शिडीवर थांबले. पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला.

"छोटे," तो म्हणाला, "दोन व्हॉल्व्ह आहेत."

"हो."

"मी आतला उघडला."

"हो रे बाबा."

"बाहेरचा बंद आहे!" आणि मग त्याने स्वतःला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. हाताखालच्या माणसांना द्यायचा तोच सगळा ऐवज, सात पिढ्यांसकट, फक्त पिढ्या आमच्याच निघाल्या. मला एवढं हसू आलं की शिडी हलायला लागली.

पुढचं मला जमण्यासारखं होतं. एका बोर्डावर कॉल आला, माणूस दुसऱ्या बोर्डावर आहे, तर पहिल्या बोर्डाने कॉल पुढे लावून द्यायचा. हे मी झोपेतही केलं असेल. दादाचा राउटर कॉल पुढे लावत होता, पण त्याच्यापर्यंत कॉल पोचतच नव्हता. माळ्यावरचा पांढरा डबा मधेच बसून सगळ्यांना परत पाठवत होता.

डब्याच्या पोटाला त्याचं नाव आणि पासवर्ड चिकटवलेला होता. अक्षर मुंगीचं. चष्म्यावर चष्मा धरून वाचला. फोन त्या डब्याच्या वाय-फायला जोडला, त्याचं पान उघडलं. दादा तिकडून सांगतोय, मी इकडे त्याला गप्प करतेय. त्या पानावर दादाचा राउटर एका ओळीत दिसत होता. त्याचा पत्ता घेतला, टाकीच्या दाराला ठरलेला आकडा घातला आणि सांगितलं की हा आकडा मागत जो येईल त्याला याच्याकडे सोड. जतन केलं. डबा बंद केला, चालू केला. दिवे एकेक करून लागेपर्यंत मी माळ्याच्या तोंडाशी बसून राहिले, कुठल्या देवाला हाक मारली ते आठवत नाही.

मग फोनचं वाय-फाय बंद केलं. सिमचं नेट. टाकी शोधली.

आली! सगळ्या क्लिपांची चित्रं एकाखाली एक. पहिल्यातच वहिनी, बोट रोखून.

"दादा, बघ आता!"

"दिसतंय, दिसतंय! लावतो..." मग "अगं, नुसतं गोल फिरतंय."

माझा अर्धा भांड्यात पडलेला जीव पुन्हा वर आला. पण या वेळी दादालाच सुचलं. "थांब. घरात येणारा पाइप मोठा असतो, बाहेर जाणारा अर्धा इंची. मी त्याला टाकी एकदम ओत म्हणतोय." त्याने चित्राची प्रत कमी केली. आवाजाला चित्र कशाला हवंय एवढं स्वच्छ?

आणि माझ्या कानाशी धरलेल्या फोनवर, तिकडच्या खोलीतून, वहिनीचा आवाज आला. "क्लच! क्लच सांगितलं मी, हॉर्न नाही!"

आता जीव खरा भांड्यात पडला. पूर्ण. मी शिडीवरून उतरले आणि तिथेच फरशीवर बसले. बराच वेळ आम्ही दोघं वहिनीला ऐकत होतो.

सकाळी शिकवणीच्या वेळी दादाने मला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि फोन खिडकीत टेकवला. खुर्चीत वहिनी, समोर टॅबलेट, बाजूला ती मुलगी, आणि दाराशी मोठे डॉक्टर उभे, हाताची घडी घालून. दादाने निवडून क्लिप लावली. ड्रायव्हिंग स्कूलने दिलेल्या निरोपाच्या कार्यक्रमातली. वहिनीच्या गळ्यात हार, वहिनी आभार मानतेय, टाळ्या. छान होती. वहिनीने बघितली आणि मान वळवली.

दुसरी लावली. हसणारी, गोड बोलणारी वहिनी. काही नाही. "तं."

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं.

"दादा," मी फोनमधून ओरडले, "भिंतीची लाव!"

त्याचा चेहरा पडला. भिंतीची क्लिप म्हणजे दादाच्या जिव्हारी लागलेली गोष्ट. हौसेने त्याने जुनी गाडी घेतली तेव्हाची. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत वहिनीच्या पायाशी वेगळा ब्रेक असायचा. या गाडीत तिने कॅमेरा लावला होता, पण तो ब्रेक नव्हता. दादाने गाडी नेऊन इमारतीच्या आवाराच्या भिंतीवर घातली होती. वहिनी ती क्लिप प्रत्येक नव्या तुकडीला दाखवायची आणि सगळे पोट धरून हसायचे. दादाने ती पुसून टाक म्हणून किती वेळा भांडण काढलं असेल. वहिनीने नाही पुसली.

"ती नको गं. सगळ्यांसमोर..."

"तू काय तिथे कामाचं टेंडर भरायला बसलायस, अब्रू जपायला? लाव!"

त्याने लावली.

पडद्यावर दादा, आजच्याहून तरुण, भलत्याच आत्मविश्वासात. बाजूला वहिनी. समोर भिंत. गाडी सरकतेय. वहिनीचे डोळे पडद्याला चिकटले. भिंत जवळ आली. तिचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला. आणखी जवळ. पडद्यावरची वहिनी अजून गप्प होती. आणि खुर्चीतल्या वहिनीने डावा पाय पायटेकूवर धाडकन आपटला.

"ब्रेक!"

तिचाच आवाज. खरखरीत, अर्धा, पण तोच, ट्रक बिचकवणारा. पडद्यावरची वहिनी तिच्यानंतर ओरडली, "ब्रेक, अहो ब्रेक!" आणि मग धडाम.

थेरपिस्ट मुलीने तोंडावर हात ठेवला होता. डॉक्टरांची घडी सुटली होती. वहिनीने मान वळवून दादाकडे बघितलं, रागाने, अगदी मनापासून रागाने. ओठ जमवत, ढकलत तिने एकेक अक्षर बाहेर काढलं, "अ... हो!"

इकडे मी एकटीच त्यांच्या घरात टीव्हीसमोर बसून हुंदके देत होते आणि टाकीचा हिरवा दिवा माझ्याकडे बघत होता. डॉक्टर त्या मुलीला म्हणाले, "शिकवणी चालू राहू द्या." साधं वाक्य. मला ते कुणी तरी सोन्याने मढवून द्यावं असं वाटलं.

दादा खुर्चीपुढे खाली बसला होता. त्याला धड बोलता येत नव्हतं. नाक पुसत त्याने टॅबलेट पुढे ओढला.

"आणखी एकदा लावतो," तो वहिनीला म्हणाला. "मी पुन्हा आपटतो. तू ओरड."

त्याने गाडी पुन्हा भिंतीवर घातली, आणि खुर्चीतली वहिनी या वेळीही पडद्यावरच्या वहिनीच्या आधी ओरडली.